फोन समुद्रात आहे, पैसे रोख द्यावेत

आमच्या सोसायटीच्या फाटकाला लागून, विजेच्या पेटीच्या सावलीत, परबबाईंचं टेबल असतं. मला मालाडला येऊन एकवीस वर्षं झाली आणि त्या टेबलाला सतरा. म्हणजे पहिली चार वर्षं मी कुळथाच्या पिठाशिवाय फुकट घालवली, असं त्या मला अधूनमधून ऐकवतात. टेबलावर मालवणी मसाल्याच्या पुड्या, कुळथाचं पीठ, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, सोलं, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सुके बोंबील. झाकण घट्ट हवं ही सोसायटीची अट आहे. वासाची तक्रार ज्यांनी केली त्यांच्यातले निम्मे बाईंचेच गिऱ्हाईक आहेत.

रत्नप्रभा मार्तंड परब हे त्यांचं पूर्ण नाव. कुडाळकडच्या. विसाव्या वर्षी लग्न होऊन लालबागला आल्या. नवरा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. दोन वर्षांत संप झाला आणि मार्तंड परबांची गिरणी त्यांच्यापुरती कायमची बंद झाली. मग गोण्या उचलल्या, रखवालदारी केली, लालबाग सोडून मालाडला आले, आणि एक दिवस ड्युटीवरून घरी येऊन चहा पितापिता गेले. महिनाभराने बाईंनी टेबल मांडलं. मुलगा प्रीतम तेव्हा कॉलेजात होता. तो आता एसी दुरुस्त करतो, आणि त्याची बायको दीप्ती अंधेरीला एका ऑफिसात आहे.

हे सगळं त्यांनी मला सतरा वर्षांत पाव किलो, अर्धा किलो असं मोजूनमापून सांगितलं. मी विद्याधर सबनीस. चौतीस वर्षं बँकेत होतो, शेवटची सहा शाखाधिकारी. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात माझी अब्रू गेली ती याच्यामुळे.

तर तीन वर्षांपूर्वी दीप्तीने सासूला फोन घेऊन दिला, टेबलावर तो चौकटीचौकटींचा कागद चिकटवला आणि एक बोलकं खोकं आणून ठेवलं. लोक खिशात सुटे ठेवेनासे झाले होते. मसाल्याची पुडी हातात घेऊन, "मावशी, स्कॅन नाही?" म्हणून खाली ठेवून जायचे. आता कुणी पैसे पाठवले की खोकं मोठ्याने सांगायचं, अमुक रुपये प्राप्त झाले. आणि ते बोललं की बाई लगेच फोन हातात घेऊन त्याच्याकडे बघायच्या. उघडायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या, पाहुणा आत येऊन नीट बसला की नाही बघावं तशा.

गेल्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, त्या बोंबील आणायला मनोरीला निघाल्या. मार्वेच्या धक्क्यावरून बोट सुटते आणि पाच-सात मिनिटांत खाडी ओलांडते. बोटीत माणसं असतात, टोपल्या असतात आणि स्कूटर-मोटारसायकलीही असतात. बोट मध्यावर आली आणि दीप्तीचा फोन आला. बाईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला, तेवढ्यात कुणाच्यातरी स्कूटरचं हँडल त्यांच्या कोपराला लागलं.

"आवाज पण होवक नाय, साहेब," त्यांनी मला नंतर सांगितलं. "बुळुक. संपला."

बोटीवर केतन म्हणून एक तरुण कोळी होता. त्याने पाण्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"मावशी, ओहोटी लागलीय. तो आता इथे थांबतोय होय? गेला बाहेर समुद्रात."

"किती खोल असात?"

"इथे चार वाव. बाहेरचं कोणी मोजलंय?"

"माझे पैसे होते त्यात."

"किती?"

"चाळीसेक हजार."

 शेजारच्या माणसाने ते ऐकलं, त्याने पुढच्याला सांगितलं, आणि मग सगळी बोट एका बाजूला येऊन पाण्यात वाकून बघायला लागली. बोट कलली. केतन ओरडला. कुणीतरी विचारलं, "रोख होते काय?" बाई म्हणाल्या, "नाय, फोनात." अर्धी माणसं हसत जागेवर जाऊन बसली. अर्धी तशीच वाकून बघत राहिली.

बाईंनी मनोरीला उतरून बोंबील घेतलेच. कमरेला थोडी रोकड होती, आणि बोंबील काही आपल्या दुःखासाठी थांबत नाहीत असं त्यांचं म्हणणं.

दुपारी चारला मी खाली उतरलो तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाई टेबलाशी बसल्या होत्या, चेहरा जरा ओढलेला. मी कुळथाचं पीठ घेतलं, कागद स्कॅन केला, पैसे पाठवले.

"एकशे वीस रुपये प्राप्त झाले," खोकं म्हणालं.

मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरलोय, अशा नजरेने बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"साहेब, कोणाक प्राप्त झाले?"

"तुम्हाला."

"मी हयसर तुमच्यासमोर बसलंय. माका काय एक प्राप्त होवक नाय."

"फोन बघा ना तुमचा."

"फोन समुद्रात आहे," त्या म्हणाल्या, आणि सगळी हकिकत सांगितली. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमचे एकशे वीस पण त्याच्या मागसून गेले."

मी हसलो. ती माझी पहिली चूक. "अहो, पैसे फोनमध्ये नसतात. ते बँकेत असतात. फोन बुडाला, पैसे नाही बुडाले."

"मग ह्या खोक्याक कोणी सांगितलं?"

"बँकेनं."

"बँकेक म्हायत नाय फोन बुडालो तो?"

"बँकेला त्या फोनशी काही देणंघेणं नाही."

"चाळीस हजार बुडाले, नि बँकेक देणंघेणं नाय?" असं म्हणून त्यांनी खोक्याचं बटण बंद केलं. मग बोंबलाच्या डब्याखालचा पुठ्ठा काढला, माझ्याकडून पेन मागून घेतलं, आणि सातवीपर्यंत शिकलेल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: फोन समुद्रात आहे, पैसे रोख द्यावेत.

पुढचे तीन दिवस आमच्या फाटकापाशी जो गोंधळ झाला त्याला मी साक्षीदार आहे. काही लोक पाटी वाचून पुढे जायचे आणि चार पावलांवर थांबून परत वाचायला यायचे. एका मुलाने विचारलं, "मावशी, समुद्र म्हणजे नवीन ॲप आहे काय?" कुणी सवयीने फोन कागदासमोर धरला की बाई त्याचा हात धरायच्या. "कित्याक समुद्रात टाकतंस? पैसे जास्त झाले काय?" तरी बी विंगमधल्या एका बाईंनी गडबडीत पन्नास रुपये पाठवलेच. त्यांना दोघीतिघींनी सांगितलं, की तुमचे पन्नास बुडाले. त्या बिचाऱ्या माझ्याकडे विचारायला आल्या. मी म्हटलं, नाही बुडाले. त्या म्हणाल्या, "नक्की ना?" आणि मी वर येऊन स्वतःचंच खातं एकदा उघडून बघितलं.

बुधवारी मी ठरवून खाली गेलो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी नवीन कारकून तयार केले, एका बाईला समजावता येणार नाही म्हणजे काय? स्टूल ओढून बसलो.

"परबबाई, तुम्ही लालबागला होता तेव्हा सासूबाईंना गावी मनीऑर्डर करायचात ना?"

"दर म्हयन्याक. संपात पण चुकवली नाय."

"झालं तर. तुम्ही लालबागच्या पोस्टात नोटा दिल्या. तिकडे पोस्टमनने सासूबाईंना नोटा दिल्या. हो ना?"

"होय."

"पण तुमच्या नोटा इथल्याच पोस्टात राहिल्या. तिकडच्या पोस्टाने त्यांच्याकडच्या नोटा दिल्या. मधून फक्त कागद गेला. तसंच हे. पैसे कुठे जात-येत नाहीत, नोंद जाते."

मला वाटलं, जमलं. बाईंनी टेबलावरची एक पुडी उचलून दुसरीकडे ठेवली.

"म्हणजे माझी नोट थंय गेलीच नाय?"

"ती नाही. दुसरी गेली. किंमत तीच."

"चतुर्थीक मी नोटेक कुंकवाचो ठिपको लावून पाठवायचंय," त्या म्हणाल्या. "सासू गावात एकटी. आमका जावक जमायचा नाय. म्हटलं, सुनेच्या हातचा कुंकू पोचांदे. ती पत्रात लिहवून घ्यायची, कुंकू पोचला म्हणून."

 पोस्टमनने त्या म्हातारीला कुठलीतरी वेगळीच नोट दिली असणार. तिला ठिपका कधी दिसलाच नसणार, आणि तरीही तिने पोचला म्हणून कळवलं. का कळवलं, ते तीच जाणे. मी मनीऑर्डरचं उदाहरण द्यायला नको होतं. दुसरं कुठलंही द्यायला हवं होतं.

"एखाद्या वेळेला तीच नोट गेलीही असेल," मी म्हटलं.

"आत्ता तुम्ही म्हणालात जायत नाय."

"सहसा जात नाही."

"साहेब, तुम्ही खराच बँकेत होतात काय?"

मी वर आलो. मुलगा देवव्रत घरूनच काम करत होता. तो कॉम्प्युटरमधला आहे, मोठ्या पगाराचा आहे, आणि मला कधीच सरळ उत्तर देत नाही. त्याला म्हटलं, "तू चल खाली. पैसे कुठे असतात ते परबबाईंना सांग."

देवव्रत उत्साहाने उतरला. सर्व्हर म्हणजे काय इथून त्याने सुरुवात केली. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मोबाईलातला ता सर्व्हराकडे जाता कसा? वाऱ्यानं?"

"थोडं वाऱ्याने. मग पुढे तारेने. मावशी, तुम्हाला गंमत सांगतो. हे सगळं जगभरचं इंटरनेट आहे ना, ते समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांमधून येतं. आपल्या वर्सोव्याला येऊन वर निघतात त्या तारा."

मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"समुद्राच्या तळाशी," बाई म्हणाल्या.

"हो, पण तुमचे पैसे नाही त्यातून—"

"मग माझे कुठल्या तारेतसून जातत?"

देवव्रत म्हणाला, "ते मला बघून सांगावं लागेल." तो अजून बघतोय.

त्या दिवसापासून बाईंच्या बोलण्यात फरक पडला. आधी त्या म्हणायच्या, पैसे बुडाले. आता म्हणायला लागल्या, पैसे खाली आहेत. वर्सोव्याच्या बाजूला. केतनला निरोपही पाठवला, की जाळं टाकतोस तिथे लक्ष ठेव. केतनने उलट निरोप पाठवला, की मावशी, पैसे दिसले तर मी परत येणारच नाही.

शुक्रवारी दीप्तीने रजा टाकली. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, की आई, काही काळजी करू नका, नवीन सिम घेते, सगळं परत येईल. सिम मिळालं. नवीन फोन आला. ॲप म्हणालं, चोवीस तास थांबा. शनिवारी सकाळी ती, बाई आणि मी असे तिघं टेबलाशी जमलो. मला का बोलावलं माहीत नाही. बहुधा बँकेचा माणूस म्हणून, किंवा संशयित म्हणून.

दीप्तीने बोटाने इकडेतिकडे केलं आणि फोन सासूसमोर धरला. "हे बघा आई. एकेचाळीस हजार सहाशे. काकांचे एकशे वीस आहेत, बी विंगवाल्या काकूंचे पन्नास पण आहेत. एक रुपया बुडालेला नाही."

बाईंनी चष्मा लावून आकडा वाचला. एकदा मोठ्याने, एकदा मनात.

"नि त्या फोनात दाखवायचो तो?"

"तेच हे."

"मग त्यातले गेले?"

"गेले नाहीत आई, तेच हे इथे दिसतायत."

"म्हणजे थंय पण दिसत असतीत. माशांका."

"आई, फोन बंद पडला असेल ना आता!" दीप्ती कळवळून म्हणाली. "काही बुडालं नाही. सोडा ना यार तो विषय."

"बुडाले," बाई शांतपणे म्हणाल्या. "दोन हजार बुडाले."

दीप्तीने माझ्याकडे बघितलं. मी दीप्तीकडे.

मग कळलं. तीन वर्षांपूर्वी फोन हातात आला त्याच दिवशी बाईंनी त्याचं मागचं कव्हर काढून आत दोन हजाराची एक गुलाबी नोट घालून ठेवली होती. घरात कुठलाही डबा त्या पूर्ण रिकामा करत नाहीत, तळाला मूठभर काहीतरी ठेवतात. हा पैशांचा डबा. रिकाम्या डब्यात पैसे येतील कसे?

"ती नोट?" दीप्तीने कपाळावर हात मारला. "अहो, ती बंद होणार म्हणून बदलून आणा असं मी किती वेळा सांगितलं! तुम्ही म्हणालात, आणली."

"ती काय खर्चाची होती? ती बसूची होती." मग माझ्याकडे वळून, "साहेब, ती चालता काय नाय?"

"चलनातून काढून घेतली आहे," मी म्हटलं.

"म्हणजे चालणा नाय."

"तसं नाही. कायद्याने ती अजून नोटच आहे."

"मग वाणी घेईत?"

"वाणी नाही घेणार."

"तुमची बँक?"

"शाखेत नाही घेत आता. रिझर्व्ह बँकेच्या ऑफिसात घेतात."

"समुद्रातसून काढून नेली तर?"

"ओली असली तर वाळवून चालेल," मी म्हटलं. "फार फाटलेली नको." हे बोलताना माझा आवाज अगदी शाखाधिकाऱ्यासारखा निघाला आणि मलाच लाज वाटली. दीप्ती तोंडाला ओढणी लावून विजेच्या पेटीमागे गेली. हसत होती की रडत होती, सांगता येत नाही.

बाई मात्र विचार करत होत्या. "म्हणजे बघा हां," त्या म्हणाल्या. "जे पैसे सगळे घेतत, ते खंय आसत ता तुमका म्हायत नाय. नि जे खंय आसत ता माका बरोब्बर म्हायत आसा, ते कोण घेणा नाय."

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या साहेबांनी मला असंख्य प्रश्न विचारले. हा त्यांच्यातल्या एकालाही सुचला नव्हता.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"माका बघूचे आसत."

"काय?"

"पैसे. तुम्ही सगळे म्हणतास बँकेत आसत. चला. दाखवा."

सोमवारी सकाळी मी त्यांना शाखेत घेऊन गेलो. माझी नव्हे, त्यांचं खातं आहे ती, स्टेशनजवळची. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. काउंटरला श्वेता नावाची चुणचुणीत मुलगी होती. मी स्लिप भरून दिली, बाईंनी सही केली. चाळीस हजार. श्वेताने मशीनमधून नोटा फिरवल्या आणि पुढे सरकवल्या.

बाईंनी नोटा उचलल्या नाहीत. दोन्ही हात त्यांच्या दोन बाजूंना ठेवून त्या बघत राहिल्या. मागे रांग होती. कुणीतरी घसा खाकरला. बाईंनी वरची नोट जरा वर उचलून खालची बघितली, मग त्याच्या खालची. मी दुसरीकडे बघायला लागलो, कारण त्या ठिपका शोधतायत असं मला वाटलं, आणि तसं नसावं असंही वाटलं.

"काकी, बरोबर आहेत ना?" श्वेताने विचारलं.

"बरोबर आसत. भर परत."

"परत? काही चूक झाली का?"

"चूक काय नाय. बघले. झाला."

"मग काढले कशाला?"

"आसत काय नाय बघूक."

श्वेताने माझ्याकडे बघितलं. मी दोरीला बांधलेल्या पेनकडे बघितलं. मग मीच भरणा स्लिप भरून दिली. श्वेता नोटा घेऊन आत ठेवणार, तेवढ्यात बाई काचेला कपाळ लावून म्हणाल्या, "चेडवा, हे माझे म्हणून वेगळे ठेवशील ना गो?"

"हो काकी, ठेवते ना," श्वेता म्हणाली, आणि त्या नोटा इतर सगळ्या नोटांच्या ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर लावून घेतला. मी ते पाहिलं. बाईंनीही पाहिलं असावं. पण त्या समाधानाने पावती घडी घालत होत्या, आणि मी गेल्या आठवड्यात पुरेसं खरं बोललो होतो.

पाटी त्यांनी त्याच दुपारी काढली. खोकं परत बोलायला लागलं. लोक पूर्वीसारखे स्कॅन करून जातात आणि बाई पूर्वीसारखे बोंबील आणायला मनोरीला जातात, फक्त नवीन फोन घरी ठेवून. त्याच्या कव्हरात काय आहे ते मी विचारलं नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या शाखेत जातात. पैसे काढतात, बघतात, परत भरतात आणि अकराच्या आत टेबलावर येऊन बसतात. सुरुवातीला शाखेतल्यांनी कुरकुर केली. मग सवय झाली असावी.

परवा श्वेताचा मला फोन आला. माझा नंबर तिने बाईंकडून घेतला होता.

"काका, परबकाकींचं ठीक आहे हो, आम्ही सांभाळून घेतो. पण या वेळी त्यांच्याबरोबर आणखी तिघी होत्या. त्यांना पण बघायचे होते. एकीची तर आमच्याकडे एफडी आहे, ती म्हणते, मोडू नका, नुसती दाखवा. मॅनेजर साहेब विचारतायत, तुम्ही बँकेत होता ना, तर तुम्ही जरा येऊन त्यांना नीट समजावून सांगाल का?"

सांगतो म्हणालो. अजून गेलेलो नाही.